दुपारचं व्होल्टेज आणि बर्फाची टाकी : दूध संस्थेच्या छतावरच्या २० किलोवॅट सौर प्रकल्पाच्या नोंदी

पाटण तालुक्यातल्या कोयनाकाठच्या एका गावाची दूध संस्था. सकाळी ११०० लिटरच्या आसपास दूध, संध्याकाळी ९०० लिटर. ३००० लिटरचा बल्क कूलर, म्हणजे दूध गार करून साठवायची टाकी. छतावर २० किलोवॅट सौर, नेट मीटरसह (जादा वीज लाइनवर जाते आणि बिलातून वळती होते), डिसेंबर २०२४ मध्ये चालू झालेलं. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, १०० केव्हीएची, संस्थेपासून ४५० मीटरवर. मधली लाइन वीझल कंडक्टरची, म्हणजे बारीक तारेची, आणि संस्था लाइनच्या शेवटाला. मी मोटार रिवाइंडिंग आणि पॅनेलची कामं करतो, संस्थेचं इलेक्ट्रिकल माझ्याकडे आहे. जिल्ह्यात दूध संस्था, गिरण्या, शाळा छतावर पॅनेल बसवत आहेत. हाच त्रास त्यांच्यापैकी कुणाला झाला तर हाताशी असावं म्हणून तारखा आणि आकड्यांसह लिहून ठेवतो आहे.

९ मार्च २०२५

तक्रार अशी की ऊन कडक, आभाळ स्वच्छ आणि नेमका दुपारीच इन्व्हर्टर (पॅनेलची वीज लाइनला जोडणारं यंत्र) बंद पडतो. सचिवांनी मोबाइलवर आलेख दाखवला. सकाळी अकरापर्यंत रेघ नीट वर चढते, मग अडीच-तीनपर्यंत करवतीच्या दातांसारखी वरखाली. एरर एकच, ग्रिड ओव्हर व्होल्टेज. एकदा बंद पडला की लाइन तपासून परत जोडायला तो पाच मिनिटं घेतो, जोडला की दहा मिनिटांत पुन्हा बंद. मार्चच्या उन्हात दिवसाला ९० युनिटच्या जवळ जायला हवं, हातात साठच पडतात. चेअरमन म्हणाले, "कर्ज काढून पॅनेल घातली, आता सभासदांना काय सांगू?"

पॅनेल, जोडणी, अर्थिंग तपासलं. सगळं ठीक. इन्व्हर्टरही ठीक. त्याला २३० च्या वर १० टक्के, म्हणजे २५३ व्होल्टपर्यंतच चालायची मुभा आहे. त्यापुढे दोन सेकंदांत बाजूला व्हायचं, हा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा नियम आहे. तो नियम पाळतो आहे. प्रश्न लाइनचा आहे.

११ मार्च

दुपारी साडेबाराला तीन ठिकाणी एकाच वेळी मोजलं. डीपीवर वायरमन, खांबावर माझा मुलगा, इन्व्हर्टरपाशी मी, तिघं फोनवर. बाहेर साधारण १५ किलोवॅट जात होते. आर, वाय, बी ही तीन फेजची नावं, आकडे व्होल्टचे.

डीपीवर: आर २४५, वाय २४४, बी २४२.
संस्थेजवळच्या खांबावर: आर २५३, वाय २५०, बी २४५.
इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर: आर २५७, वाय २५२, बी २४७.

एका जागी मोजून काही कळत नाही. हे तीन आकडे शेजारी ठेवले की कुठे किती चढतं ते दिसतं. १५ किलोवॅट म्हणजे फेजला २१ अँपिअरच्या आसपास. ४५० मीटर वीझलचा रोध ०.४२ ओहमच्या जवळ. गुणाकार केला की नऊ व्होल्ट. आजवर ही लाइन डीपीकडून गावाकडे वाहायची आणि शेवटाला व्होल्टेज पडायचं. दुपारी ती उलटी वाहते, त्यामुळे शेवटाला चढतं.

दुसरी गोष्ट डीपीच्या पाटीवरच लिहिलेली असते: ११,००० / ४३३. ४३३ म्हणजे फेज ते न्यूट्रल २५०. वाटेत पडणार हे धरूनच ट्रान्सफॉर्मर थोडा चढा बनवतात. फिडरवर (उपकेंद्रातून गावांकडे येणाऱ्या ११,००० व्होल्टच्या लाइनवर) भार नसेल तर मर्यादा २५३ आणि सुरुवातच २५० ला. सौर विजेला वर चढायला जागा राहते तीन व्होल्टची. प्रस्ताव करताना छताचं क्षेत्रफळ मोजलं गेलं, मंजूर भार पाहिला गेला, पण दुपारचं व्होल्टेज कुणी घेतलं नव्हतं. नवीन प्रकल्प करणाऱ्यांनी हे आधी घ्यावं. मीटर लावून दोन-तीन दिवस दुपारी बारा ते दोन आणि रात्री आठ वाजता आकडे लिहायचे. फुकट होणारं काम आहे.

रात्री आठला त्याच टर्मिनलवर २०९ मिळाले. दुपारी २५७, रात्री २०९. या दोन टोकांच्या मध्ये गावातले फ्रिज, मोटारी, टीव्ही रोज जगतात.

१७ मार्च

खांबापासून पॅनेलपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल होती. तिच्या जागी ३५ ची टाकली. जुनी केबल सोडताना आर फेजचा लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) काळा पडलेला दिसला, तो केबलवर नीट दाबलेला नव्हता. खांब आणि इन्व्हर्टर यांच्यातला चार व्होल्टचा फरक बराचसा त्या एका लगमध्ये होता. उन्हाळ्यात तो बोर्ड पेटला असता.

आता इन्व्हर्टरवर आर २५४. केबल, लग, ग्लँड आणि मजुरी मिळून १४,५०० रुपये.

२३ मार्च

पॅनेलच्या मागे ७.५ केव्हीएआरचा कॅपॅसिटर सरळ बसबारवर जोडलेला सापडला. जुन्या काळी पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खऱ्या कामाला येणारा वाटा) सुधारायला टाकलेला, चोवीस तास चालू. कंप्रेसर बंद असताना असा मोकळा कॅपॅसिटर व्होल्टेज वर ढकलतो. तो काढून कंप्रेसरच्या काँटॅक्टरमागे (मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचमागे) घेतला, म्हणजे मोटार चालू तेव्हाच कॅपॅसिटर चालू. आर दोन व्होल्टनी खाली, २५२. खर्च वायरपुरता. जुन्या संस्थांत, गिरण्यांत, उपसा योजनांत असे कॅपॅसिटर विसरलेले असतात, पॅनेल उघडून बघावं.

२ एप्रिल

आज लाइनवरचं काम. हे वीज कंपनीच्या वायरमननंच, रीतसर परमिट घेऊन करायचं. आपण खांबावर चढायचं नाही.

वायरमनचा पहिला प्रश्न होता, "दादा, मी डीपी पाडली तरी तुमच्या छतावरनं करंट येणार नाही ना?" प्रश्न अगदी रास्त आहे, प्रत्येक वायरमनच्या मनात तो असतो. समोरासमोर दाखवलं. इन्व्हर्टर भर उन्हात चालू असताना त्यांनी डीपी बंद केली, इन्व्हर्टर लगेच थांबला, टेस्ट लँप विझलेला राहिला. तरीही लाइनला अर्थ रॉड लावूनच ते वर चढले आणि तेच बरोबर. इन्व्हर्टरच्या भरवशावर कुणी तारेला हात लावू नये.

डीपीपासून तिसऱ्या खांबावर न्यूट्रलचा जोड नुसता पीळ देऊन केलेला, आतून गंजलेला. तो स्लीव्ह घालून नवा केला. मग फेजची वाटणी. एका आळीतली जवळजवळ सगळी घरं बी फेजवर होती, आर मोकळाच. दहा-बारा घरं बीवरून आरवर घेतली.

दुपारी इन्व्हर्टरवर आर २४९, वाय २४९, बी २४७. तिन्ही फेज इतके जवळ इथे पहिल्यांदाच पाहिले. त्या दिवशी ८४ युनिट झाले. आळीतल्या बायकांनी संध्याकाळी सांगितलं की मिक्सर आता नीट फिरतो.

१२ एप्रिल

पॅनेल बसवणाऱ्यांचा माणूस आला होता. त्याचा उपाय असा की सेटिंगमध्ये जाऊन २५३ ची मर्यादा २७० करायची, म्हणजे इन्व्हर्टर कधीच थांबणार नाही. मी नको म्हणालो आणि पासवर्ड बदलून घेतला. इन्व्हर्टर २७० वर चालला म्हणजे शेजारची चाळीस घरंही २७० वर. एलईडी दिवे, फ्रिजचे कार्ड, टीव्ही त्यांचे जाणार. आपलं बिल वाचावं म्हणून गावाची उपकरणं जाळायची, हे मला पटत नाही. नियमातही बसत नाही.

दुसरी सूचना मोठ्या सर्व्हो स्टॅबिलायझरची. तो आपल्या आतल्या भाराला स्थिर व्होल्टेज देतो, लाइनवर आपण जे चढवतो ते तसंच राहतं. सोडून दिलं.

२७ एप्रिल

इन्व्हर्टर आजवर पॉवर फॅक्टर १ वर बांधलेला होता. आता त्याला व्होल्टेजप्रमाणे वागायला लावलं. २४४ च्या पुढे गेलं की थोडी थोडी रिॲक्टिव्ह वीज (काम न करता नुसती ये-जा करणारी, पण व्होल्टेज हलवणारी) ओढायला सुरुवात, २५२ ला पॉवर फॅक्टर ०.९ पर्यंत. मेन्यूत हा पर्याय आजकालच्या बहुतेक थ्री फेज इन्व्हर्टरमध्ये असतो, सुरू केलेला नसतो. बदलायच्या आधी शाखा कार्यालयाला लेखी कळवलं.

मिळाले अडीच ते तीन व्होल्ट. जास्त आशा धरू नये. उच्चदाब लाइनवर या युक्तीला खूप बळ असतं, पण गावातल्या बारीक तारेत रोधाचाच वाटा मोठा, तिथे तिचा हात आखूड पडतो. दुसरा परिणामही लक्षात ठेवा: मीटरवर दिसणारा पॉवर फॅक्टर खाली येतो, कारण दुपारी खरी वीज छतावरून येते आणि रिॲक्टिव्ह मात्र लाइनवरून. बिलात त्याचा फटका बसतो का, ते आपल्या संवर्गाप्रमाणे आधी पाहून घ्यावं.

११ मे

शाखा अभियंता साहेबांकडे जाऊन बसलो. उपकेंद्रातल्या ३३/११ ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारं व्होल्टेज ठरवणारी खटकी) एक पायरी खाली घेता येईल का, असं विचारलं. त्यांनी फिडरचा नकाशाच पुढे ठेवला. हा मिश्र फिडर. गावठाणही यावर आणि नदीकाठचे उसाचे पंपही. पंप सगळे एकदम चालू झाले की शेवटच्या पंपाला व्होल्टेज पुरत नाही, मोटारी जळतात, म्हणून टॅप चढा ठेवावा लागतो. तो खाली घेतला तर दुपारी आमचं भागेल आणि संध्याकाळी शेतकऱ्याची मोटार जळेल. टॅप एकच, आणि त्याच्यावर दिवसाची दोन टोकं सांभाळायची.

मला हे पटलं. माझ्याच दुकानात रिवाइंडिंगला येणाऱ्या निम्म्या मोटारी कमी व्होल्टेजच्याच असतात. म्हणजे उपाय आता लाइनच्या या बाजूला, आपल्याकडेच शोधायचा.

२५ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला. उसाला पाण्याची गरज नाही, पंप बंद, फिडर मोकळा. डीपीवर २५० आणि २५१. ढग फाटून ऊन पडलं की छत एका मिनिटात तीन किलोवॅटवरून सतरावर उडी मारतं आणि इन्व्हर्टर २५३ ला आपटतो. एप्रिलपर्यंत केलेलं सगळं काम पंप चालू असतानाच पुरेसं आहे, पंप थांबले की अपुरं. लाइन सुधारून जे मिळायचं ते मिळालं. आता दुपारी भार हवा.

आमचा भार मात्र सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ. म्हैस काही दुपारी बाराला दूध देत नाही. मग थंडावा तरी दुपारी बनवून ठेवता येईल.

२१ जून

२८ एप्रिलला दुपारी साडेबाराच्या सुमाराला स्पेन आणि पोर्तुगाल एकदम अंधारात गेले होते. तिथल्या सरकारचा अहवाल याच आठवड्यात आला. कारण व्होल्टेज. ते चढत गेलं, केंद्रं संरक्षणासाठी एकामागोमाग सुटली, साखळी थांबवता आली नाही. व्होल्टेज धरून ठेवायची जबाबदारी असलेल्या केंद्रांनी ते पुरेसं धरलं नाही, आणि सौर-पवन प्रकल्प ठरलेल्या पॉवर फॅक्टरवर बांधलेले होते, चढत्या व्होल्टेजला ते उत्तर देत नव्हते. तिथल्या नियमानंच त्यांना तसं बांधलेलं होतं.

आमच्या लाइनपेक्षा एक गोष्ट तिथे उलटी आहे. आमचा इन्व्हर्टर सुटला की लाइनचं व्होल्टेज खाली येतं. अतिउच्चदाब लाइनवरचा भार हलका झाला की ती लाइनच कॅपॅसिटरसारखी वागते आणि व्होल्टेज आणखी चढतं. म्हणून तिथे एक सुटलं की दुसऱ्यावर संकट येतं. पॉवर फॅक्टर १ वर बांधून ठेवलेला आमचा इन्व्हर्टर मला यावरून आठवला. असे लाखो आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की आपण कितीसे.

आजच्या बैठकीत बर्फाच्या टाकीचा प्रस्ताव ठेवला. हिशोब असा: २००० लिटर दूध ३३ वरून ८ अंशांपर्यंत आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढी ६०० किलो बर्फ वितळून निघते. टाकीतून वाया जाणारा थंडावा धरून ६५० किलो. साडेसात एचपीचा कंप्रेसर पाच-सहा तासांत तेवढा बर्फ जमवतो. म्हणजे ऐन उन्हात साडेपाच किलोवॅटचा पक्का भार. बॅटरीचाही विचार झाला, पण शेवटी दूधच थंड करायचं असेल तर वीज साठवण्यापेक्षा थंडावा साठवणं स्वस्त आणि टिकाऊ. संचालकांनी मंजुरी दिली.

२० जुलै

बंद पडलेल्या एका खाजगी डेअरीची आइस बँक, म्हणजे बर्फाची टाकी, जुनी घेतली. टाकी, कॉइल, कंप्रेसर मिळून २,४०,००० रुपये. प्लेट कूलर (यात पातळ पत्र्यांच्या एका बाजूनं दूध, दुसऱ्या बाजूनं बर्फाचं पाणी वाहतं) नवा, ८५,०००. गॅस भरणं आणि दुरुस्ती २२,०००. टाकीला नवं इन्सुलेशन, चौथरा आणि शेड ३१,०००.

पहिली चाचणी फसली. बर्फ भरपूर झाला, तरी संध्याकाळचं दूध प्लेट कूलरमधून १४ अंशांवर बाहेर आलं. झाकण उघडून हात घातला तर कॉइलच्या दोन शेजारच्या नळ्यांवरचा बर्फ एकमेकांना चिकटून भिंत झालेली. पाण्याला आत शिरायला वाट नाही, ते टाकीच्या वरच्या थरातून फिरून परत येतं आणि सगळा बर्फ आत कोरडा. बर्फाची जाडी सांगणारा थर्मोस्टॅटचा बल्ब कोपऱ्यातल्या नळीवर बांधलेला होता, तिथे बर्फ सगळ्यात उशिरा धरतो. तो मधल्या नळीवर, नळीच्या पृष्ठापासून ३५ मिलिमीटरवर घेतला. तळाला भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप टाकून छोट्या ब्लोअरनं हवा सोडली, पाणी ढवळत राहतं. आता दोन नळ्यांच्या बर्फात बोटभर फट राहते. दूध ७ ते ८ अंशांवर येतं, उरलेले तीन-चार अंश बल्क कूलर काढतो.

दुसरी अडचण सुरू होतानाची. साडेसात एचपीची मोटार डायरेक्ट ऑनलाइन, म्हणजे एकदम पूर्ण व्होल्टेजवर, सुरू झाली की क्षणभर साठ अँपिअर ओढते आणि आळीतले दिवे डोळा मारतात. पहिल्याच दिवशी दोन घरांतून माणसं आली. मोटार हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवला, १६,०००. लाइनच्या शेवटाला मोठी मोटार टाकणाऱ्यांनी हा खर्च पहिल्यापासून धरावा.

या दिवसांत सौर जेमतेम. वर वनकुसवड्याच्या पठारावर मात्र पवनचक्क्या जोरात आहेत. आमच्या भागात पावसाळा वाऱ्याचा आणि उन्हाळा सूर्याचा, दोघं एकमेकांची पडती बाजू थोडीफार सावरतात.

१७ ऑगस्ट

कंप्रेसर आधी टायमरवर होता, साडेदहा ते साडेतीन. पण ढगाळ दिवशी तो लाइनमधली वीज ओढून बर्फ करत बसतो, त्यात अर्थ नाही. म्हणून व्होल्टेजलाच इशारा मानायचं ठरवलं. व्होल्टेज चढलं म्हणजे लाइनला भार हवा आहे, उतरलं म्हणजे नको आहे. डिजिटल व्होल्टेज रिले (ठरलेल्या व्होल्टेजला आपोआप चालू-बंद करणारा), टायमर आणि काँटॅक्टर मिळून ६,५०० रुपये.

सुरुवातीला २४९ ला चालू, २४७ ला बंद असं ठेवलं. कंप्रेसर लागला की व्होल्टेज तीन-चारनी उतरायचं, म्हणजे २४६, रिले बंद करायचा, व्होल्टेज पुन्हा २५०, पुन्हा चालू. अर्ध्या तासात कंप्रेसरचं डोकं तापलं. आता २४८ ला चालू, २३८ ला बंद. एकदा लागला की किमान २० मिनिटं चालायचा, थांबला की किमान १० मिनिटं थांबायचा. आपल्या स्वतःच्या भारानं जेवढं व्होल्टेज पडतं, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त अंतर चालू-बंदच्या आकड्यांत हवं.

दुसरा घोळ रात्रीचा. वॉचमननं पहाटे दोनला कंप्रेसर चालू असल्याचा फोन केला. रात्री गाव झोपलं की फिडर मोकळा होतो आणि सूर्य नसतानाही २४९ दिसतं. रिलेच्या मालिकेत सकाळी दहा ते दुपारी चारचा टायमर जोडला. मिटलं.

कराडकडच्या एका संस्थेनं हेच आकडे मागितले. दिले, पण चालू व्हायच्या आधीचा थांबा वेगळा ठेवायला सांगितला. आमचा ४० सेकंद, त्यांचा ९०. उद्या शंभर संस्थांनी एकाच आकड्यावर एकाच क्षणी मोटारी चालू-बंद केल्या तर तोच एक नवा धक्का होईल. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला देशभर नऊ मिनिटं दिवे मालवले तेव्हा मागणी ३१,००० मेगावॅटच्या आसपास खाली गेली होती. अगोदर तारीख-वेळ ठाऊक होती, जलविद्युत केंद्रं तयारीत होती, तरी फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झमध्ये हेलावली. एरवी ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते. आणि आमच्यासारख्या इन्व्हर्टरांनी ५०.५० ला सुटायचं असतं.

१४ सप्टेंबर

डीपीवरचे बाकीचे भार. पिठाची गिरणी दहा एचपीची, संस्थेपासून तीन खांब अलीकडे. गिरणीवाल्या काकांशी बोललो. दळण सकाळीच येतं, पण मसाला, ज्वारीचा भरडा आणि पोत्यांचं दळण ते साडेअकरा ते दोनमध्ये घ्यायला तयार झाले. त्यांचा फायदा त्यांना लगेच पटला: संध्याकाळच्या पडत्या व्होल्टेजवर जातं ओढत नाही, मोटार गरम होते, दुपारी पीठही गार पडतं आणि वेळही कमी लागतो.

नळपाणी योजनेची पाच एचपीची मोटार पहाटे चालायची. सरपंच ताईंनी ती दुपारी बारावर घेतली. टाकी दुपारी भरली तरी पाणी सकाळीच सोडायचं, गावाला काही फरक नाही. दोन्हींना एक रुपया खर्च नाही. बर्फाच्या टाकीला चार लाख घालायच्या आधी ही दोन बोलणी करायला हवी होती, इतर गावांनी इथूनच सुरुवात करावी.

१२ ऑक्टोबर

पाऊस ओसरला, ऊन लख्ख, पंप अजून बंदच. हीच खरी परीक्षा. दुपारी साडेबाराला डीपीवर २४९. इन्व्हर्टरवर आर २५१, वाय २५१, बी २५०. कंप्रेसर चालू, गिरणी चालू. आठवडाभरात इन्व्हर्टर सुटला तो एकदाच, गिरणी बंद असताना. दिवसाचे ८५ युनिट.

संध्याकाळचे आकडे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. पूर्वी सहा ते नऊमध्ये दूध गार करायला ११ युनिट लागायचे, आता अडीच-तीन. रात्री आठला टर्मिनलवर २१६. दूध वेगानं गार होत असल्यानं एमबीआरटीची (दूध किती टिकेल ते सांगणाऱ्या चाचणीची) वेळही सुधारली, ते टँकरबरोबरच्या नमुन्यात दिसलं.

पूर्ण हिशोबात एकूण युनिट थोडे वाढले आहेत, हे सांगितलं पाहिजे. बर्फ करायला कंप्रेसरला जास्त खोल तापमानावर काम करावं लागतं, म्हणून त्याच थंडाव्याला वीज जास्त लागते. वर ब्लोअर आणि पंप. दिवसाला चार-पाच युनिट अधिक जातात. पण ते दुपारचे जातात, जे आधी वायाच जात होते.

संध्याकाळच्या युनिटचा मला एवढा सोस का, तेही लिहितो. सूर्य मावळतो आणि राज्यभर दिवे, शेगड्या, पंखे एकदम चालू होतात. तो चढ पेलायला लगेच हाताशी येणारी यंत्रं लागतात, आणि त्यातली मोठी आमच्याच कोयनेवर आहेत. पहिला-दुसरा टप्पा ६०० मेगावॅट, तिसरा ३२०, चौथा १०००, धरणाच्या पायथ्याला ४०, सगळे मिळून १९६०. औष्णिक केंद्राला भार चढवायला वेळ लागतो, पाण्यावरचं यंत्र काही मिनिटांत येतं. पण पश्चिमेकडे वळवून वीज करायला कोयनेचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीच, कृष्णा पाणी तंटा लवादानं ठरवलेलं. सौर वाढेल तसा दुपारचा खड्डा खोल होणार आणि संध्याकाळचा चढ उभा होणार. त्या चढावर तेवढंच पाणी पुरवायचं आहे. या पाण्यासाठी आमच्या खोऱ्यातल्या माणसांनी गावं सोडली. दुपारी छतावरची वीज लाइनवर आपटून वाया घालवायची आणि संध्याकाळी त्याच कामाला ते पाणी मागायचं, हे मला सहन होत नाही.

९ नोव्हेंबर

एकूण खर्च ४,१५,००० रुपये: केबल १४,५००, आइस बँक २,४०,०००, प्लेट कूलर ८५,०००, दुरुस्ती २२,०००, शेड-इन्सुलेशन ३१,०००, सॉफ्ट स्टार्टर १६,०००, रिले-टायमर ६,५००. आधी वाया जाणारे युनिट धरले तर वर्षाला साठ हजारांच्या आसपास सुटतात. नुसत्या बिलावर बघितलं तर पैसे फिटायला सात वर्षं. यातला पहिला निम्मा फायदा मात्र केबल, कॅपॅसिटर, न्यूट्रल आणि फेजवाटणीतून आला आणि त्याला वीस हजारही लागले नाहीत. क्रम तोच ठेवा.

राहिलेलं काम: डीपी ते संस्था वीझलच्या जागी रॅबिट कंडक्टर, म्हणजे जाड तार. रोध ०.४२ वरून ०.२५ वर येईल, म्हणजे चढणारे व्होल्ट चाळीस टक्क्यांनी कमी आणि संध्याकाळचं पडणंही तेवढंच कमी. अर्ज दिला आहे, त्यासोबत मार्चपासूनचे सगळे आकडे जोडले आहेत. साहेबांनी ते वाचून अंदाजपत्रकाला घेतलं.

याच डीपीवर आता हायस्कूलचं १० किलोवॅट येतं आहे. मुख्याध्यापकांना भेटलो. शाळेचा भार दुपारी असतो ही चांगली बाजू, पण रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत तो शून्य आणि ऊन तेव्हाच सगळ्यात जास्त. त्यांच्या इन्व्हर्टरचं व्होल्टेजप्रमाणे वागण्याचं सेटिंग पहिल्या दिवशीच चालू करून घ्यायचं ठरलं आहे. बसवणाऱ्यांकडून तसं लेखी मागितलं आहे. शाळेच्या बोअरची मोटार सुट्टीत दुपारी टायमरवर. चालू झाल्यावर पहिलं मोजमाप रविवारी दुपारी साडेबाराला, डीपी, संस्था आणि शाळा अशा तीन जागी एकाच वेळी.